दोन हातांचं पाणी

"एका वर्षात एकच काम, आई. खोड वाकवलं, तर त्या वर्षी कुंडी बदलायची नाही. कुंडी बदलली, तर खोडाला हात लावायचा नाही. घाई केली की संपलं."

मुलाचा हा आवाज आईच्या कानात अजून जसाच्या तसा होता. मागच्या अंगणात स्टुलावर बसून, दातांत तारेचा तुकडा धरून तो बोलायचा, त्यामुळे निम्मे शब्द तारेलाच अडकायचे. "आधी ती तार काढ तोंडातून, गिळशील एखाद्या दिवशी," असं ती म्हणायची, आणि तो हसून तार दुसऱ्या दाढेखाली सरकवायचा. त्याला जाऊन दहा महिने झाले होते. आठ दिवसांचा ताप. नववा दिवस त्यानं पाहिलाच नाही. आता तिला आई म्हणणारी एक सून तेवढी घरात उरली होती.

त्याच्या मागे वस्तू पुष्कळ राहिल्या होत्या. शर्ट, चपला, दाढीच्या साबणाची अर्धी पिळलेली ट्यूब. ती ट्यूब सून अजून कुणाला हलवू देत नव्हती. पण त्याच्या हातचं जिवंत असं एकच राहिलं होतं. अंगणात, सिमेंटच्या ठोकळ्यावर ठेवलेलं जुनिपरचं बोन्साय. उंची दीड हात, खोड मनगटाएवढं, आणि त्या मनगटावर शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या. अठरा वर्षांपूर्वी बुटक्यांच्या नर्सरीतल्या कचऱ्याच्या ढिगावरून त्यानं ते उचलून आणलं होतं. बुटके म्हणजे नर्सरीवाले. माणूस सहा फूट उंच. पण जन्मभर झाडं बुटकी ठेवण्याचा धंदा केला म्हणून लोकांनी हे नाव पाडलं, आणि त्यांनीही ते निमूट लावून घेतलं. मुलाला ही विद्या त्यांनीच शिकवली.

शेवटची दोन वर्षं मुलगा त्या झाडाचं खोड वाकवत होता. त्यासाठी लागणारा लोखंडी शिकंजा बाबांनी करून दिला होता. बाबा म्हणजे त्याचे वडील, पस्तीस वर्षं लेथवर उभे राहून निवृत्त झालेले. केसाएवढा फरक नुसत्या बोटाला कळणारा माणूस. शिकंज्याला आटे पाडलेली सळई होती आणि वर फिरवायला चावी. दर रविवारी पाव फेरा, जास्त नाही. फेरा झाला की मुलगा भिंतीवर खडूची एक रेघ मारायचा. तो गेला तेव्हा रेघा जिथे होत्या तिथे थांबल्या, आणि झाड अर्धवट वाकलेलं, काहीतरी ऐकायला मान पुढे केल्यासारखं तसंच उभं राहिलं.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. आई सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी प्रार्थनेला बसली होती. ती तिची तीस वर्षांची जागा. तिथून अंगण दिसायचं. तिनं डोळे मिटले होते. एकदम 'कट्' असा आवाज झाला. फार मोठा नाही, खडू मोडावा तेवढाच. पण त्यापाठोपाठ बाबांचा श्वास आत ओढल्याचा जो आवाज आला, त्यानं तिचे डोळे उघडले. तीस वर्षांत पहिल्यांदा ती प्रार्थना अर्धी टाकून उठली.

खोड पहिल्या फांदीच्या बेचक्यापासून खाली चार बोटं उभं फाटलं होतं. आतलं लाकूड ओलं, गुलाबीसर दिसत होतं. बाबा चावीवर हात ठेवून उभे होते. हात काढावा की राहू द्यावा हेसुद्धा त्यांना सुचत नव्हतं. मागून कळलं ते असं, की गेले नऊ दिवस ते रोज पाव फेरा देत होते. आठवड्याचं काम दिवसावर आणलं होतं. सहाच फेरे राहिलेत, उरकून टाकू, असं त्यांना वाटलं होतं. लोखंडाला वाकवताना थांबायचं कशासाठी असतं, हे लोखंडानं त्यांना कधी शिकवलंच नव्हतं.

सून केस न विंचरता धावत आली. मातीत गुडघे टेकले आणि दोन्ही तळव्यांनी फाटलेलं खोड दाबून धरलं.

"शिकंजा सोडवा. हळू. उलटा, पाव पाव. आई, बुटके काकांना फोन करा."

बुटके येईपर्यंत पाऊण तास ती तशीच होती. हात भरून आले तेव्हा आईनं मागून तिच्या कोपरांना आधार दिला. बुटक्यांनी आल्या आल्या जखम पाहिली, पाणी मारून स्वच्छ केली, दोन्ही बाजू एकमेकींवर बसवल्या. वरून ओल्या कापडाच्या पट्ट्या, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी खेचून गुंडाळली, आणि फटीच्या दोन्ही टोकांना मलम लावलं. आई चहा ठेवायला आत गेली आणि बुटके काय सांगून गेले ते तिनं ऐकलं नाही. बाबांनी आणि सुनेनं ऐकलं. झाड सावलीत ठेवा, फवारा पानांवर मारा, मुळांना पाणी अगदी बेतानं, दोन दिवसांआड अर्धा मग. जखमी झाडाला तहान कमी असते.

बुटके गेले आणि मग घराचा बांध फुटला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"राहिलं होतं गं थोडंसं. पूर्ण करावं म्हटलं."

"कुणाचं पूर्ण? ते त्याचं काम होतं, बाबा!"

"शिकंजा माझ्याच हातचा आहे."

"म्हणून काय झालं? लेथवरचा दांडा आहे का तो, मापात बसवायला?"

बाबा खाली बघत राहिले. "पुन्हा हात लावणार नाही. शपथ."

"आता लावा नाहीतर चुलीत घाला," सून म्हणाली. "मी बघणारसुद्धा नाही त्याच्याकडे."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. जेवायला बसले की "आई, बाबांना विचारा आमटी हवी का," आणि "अगं, तिला म्हणावं दिवा मालव जाताना." एकमेकांपासून दोन हातांवर बसलेली माणसं, आणि मध्ये आई पोस्टासारखी. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. सकाळी नऊला जायची, अंधार पडता पडता परत यायची. बाबा दिवसभर घरात असून नसल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी पहाटे आई खिडकीशी बसली होती. मागचं दार अगदी बेतानं उघडलं. बाबा अनवाणी अंगणात गेले, मगातून झाडाला पाणी घातलं, पानांवर फवारा मारला आणि चोरासारखे इकडेतिकडे बघत परत फिरले. तेवढ्यात खिडकीतली आई त्यांना दिसली. ते आत आले.

"तिला सांगू नकोस हं," ते हळू म्हणाले. "हात लावणार नाही म्हणून शपथ घेतलीये. पण ती दिवसभर बाहेर, आणि रागानं बघतसुद्धा नाही. तहानेनं मरेल ते."

"नाही सांगणार," आई म्हणाली.

त्याच दिवशी संध्याकाळी आई दोरीवरचे कपडे काढायला गेली, तर झाडापाशी कुणीतरी वाकलेलं. सून. हातात मग.

"आई, बाबांना नका सांगू." तिनं मग ओढणीआड नेला, जसं काही मग लपवला की पाणीही लपेल. "उगीच म्हणतील, तोंडानं एवढं मोठं बोलते आणि मागून पाणी घालते. त्यांनी तर शपथच घेतलीये. मग घालणार कोण?"

"नाही सांगणार गं," आई म्हणाली.

आईचं हे असंच होतं. शब्द दिला की दिला. देवासमोर रोज बसायचं तर जिभेला दोन वाटा असून चालत नाही, असं ती मानायची, आणि त्यापायी तिनं आयुष्यात पुष्कळ गोष्टी गिळल्या होत्या. या दोन गोष्टी मात्र तिला जड वाटल्या नाहीत. उलट बरंच वाटलं. वरून बोलत नसले तरी आतून दोघं एकाच सावलीत उभी आहेत, हे तिला एकटीला ठाऊक होतं. मुलगा गेल्यावर पहिल्यांदा तिच्याजवळ काहीतरी सुखाचं होतं. रात्री निजताना ती हात जोडायची आणि मनात म्हणायची, होईल सगळं नीट. आणि पाण्यानं कधी कुणाचं वाईट झालंय?

दोघंही बुटक्यांनी सांगितलं तेवढंच पाणी घालत होती. दोन दिवसांआड अर्धा मग. पहाटेचा एक आणि संध्याकाळचा एक. कुंडीतली वरची खडी भरड. वाऱ्यानं ती लगेच कोरडी दिसायची. बोट खुपसून बघायला दोघांनाही धीर नव्हता, कारण बोट खुपसलं तर खूण राहिली असती. दोघांचंही प्रमाण चोख होतं. त्याची बेरीज तेवढी कुणी केली नव्हती.

सहा आठवडे झाड हिरवं राहिलं. सातव्या आठवड्यात, रविवारी, पट्टी सोडायला बुटके आले. मागच्या दाराची चौकट त्यांच्या कपाळाला लागली, ती दर वेळी लागायची. "या घरात मला कधी कुणी वाकायला शिकवलं नाही," ते कपाळ चोळत म्हणाले. कुणी हसलं नाही. सुटी होती म्हणून सूनही अंगणात उभी होती, बाबांपासून चार पावलं लांब.

बुटक्यांनी पट्टी उलगडली नाही. आधी एक फांदी चिमटीत धरली आणि हलकेच दाबली. मग दुसरी. मग कुंडी दोन्ही हातांनी जरा उचलून पाहिली आणि पुन्हा खाली ठेवली. वाकून तळाच्या भोकाशी नाक नेलं.

"पाणी कोण घालतं?"

"मी नाही," बाबा म्हणाले.

"मी तर नाहीच," सून म्हणाली.

बुटक्यांनी दोघांकडे पाहिलं. "मग ढग येऊन घालून जातो का? कुंडी दगडासारखी जड झालीये. वास येतोय खालून."

आई दारात उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्याच क्षणी सुनेनंही पाहिलं. आणि दोघांनाही दिसलं की दुसराही तिच्याकडेच बघतोय. दिलेले दोन्ही शब्द एकमेकांसमोर येऊन उभे राहिले होते. एक राखायचा तर दुसराही राखायला हवा, आणि दोन्ही राखले तर झाड.

"दोघंही घालतात," ती म्हणाली. "हे पहाटे, ही संध्याकाळी. मला म्हणाले होते, सांगू नको."

बुटक्यांनी पिशवीतून माती उकरायचा काटा आणि कात्री काढली.

"कुंडी बदलायला लागणार," ते म्हणाले. "वाकवून दोन महिने नाही झाले, त्यात फाटलं, आणि आता हे. तो असता तर माझ्या हातावर मारलं असतं त्यानं. पण इलाज नाही."

माती सुटली तसा साचलेल्या गटाराचा वास अंगणभर पसरला. मुळं काळी पडली होती. बुटके एखादं मूळ बोटांत धरून ओढायचे, तर वरची साल मोज्यासारखी निसटून हातात यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. ते कापत गेले. बाबा पाटीत तुकडे गोळा करत गेले. मग बुटक्यांनी खोडाची साल नखानं जरा खरवडली. आत तपकिरी. दोन बोटं सोडून पुन्हा खरवडली. तपकिरी. पूर्ण वळसा घालून झाला, आणि मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड असलेल्या अंगाला, बोटभर रुंदीची एक हिरवी पट्टी लागली. ती सरळ वर जाऊन सगळ्यात खालच्या फांदीत शिरत होती.

"एवढंच आहे," बुटके म्हणाले. "याची प्रत्येक फांदी आपापल्या मुळावर जगते. शेजारची मेली तर हिच्या मुळातलं पाणी तिला मिळत नाही. पुढचा भाग गेला. ही एक फांदी राहिली तर राहिली."

"पण सगळंच हिरवं आहे की," बाबा म्हणाले.

"हिरवं आहे. जिवंत नाही. जुनिपर मेलं तरी दोन-दोन महिने कळू देत नाही." त्यांनी आईचा हात धरून तिची बोटं एका फांदीवर ठेवली, मग मागच्या फांदीवर. "बघा. ही जुन्या केरसुणीसारखी लागतेय ना? आणि ही गार आहे, दाबली की परत उठते. डोळ्यांवर जाऊ नका, बोटांनी विचारा."

मग पाणी घालण्याचं ठरलं. एकच हात. सून म्हणाली, "बाबांनाच घालू द्या." सात आठवड्यांत ती पहिल्यांदा बाबांकडे बघून बोलली होती, पण आवाजात काही नव्हतं, राग नाही आणि मायाही नाही. बाबांनी मान हलवली.

बुटके गेल्यावर सून नळावर हात धूत राहिली. माती कधीच निघून गेली होती. आई टॉवेल घेऊन बाजूला उभी राहिली. बोलणी खायची तिची तयारी होती. बोलणी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं.

"तुम्हाला दोन्ही माहीत होतं, आई."

"हो."

"आणि गप्प बसलात."

"शब्द दिला होता गं. दोघांनाही. पाण्यानं असं होतं हे मला कुठे..."

"तापाच्या वेळीसुद्धा तुम्ही शब्दच दिला होता."

नळ वाहत होता. आईनं तो बंद केला नाही. मुलाला ताप भरला तेव्हा सून तिच्या माहेरी गेली होती, आजारी वडिलांपाशी. "तिला कळवू नकोस, आई, धावत येईल. दोन दिवसांत उतरेल," असं मुलगा म्हणाला होता, आणि आईनं कळवलं नव्हतं. पाच दिवस. सहाव्या दिवशी सून आली, तेव्हा तो माणसं ओळखत नव्हता. याबद्दल सून इतक्या महिन्यांत एका अक्षरानं बोलली नव्हती. आईला वाटलं होतं, तिला ते माहीतच नाही.

"बोलला होता तो मला," सून म्हणाली. "बरळत होता तेव्हा. 'आईला सांगितलंय, ती नाही सांगणार.' त्याच्या तोंडचं मला ऐकू आलेलं तेवढंच एक धड वाक्य."

ती नळाच्या कट्ट्यावर बसली.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

सुनेनं नळ बंद केला. आईच्या हातातला टॉवेल घेतला, हात पुसले आणि नीट घडी घालून परत दिला. "मला एक द्या," ती म्हणाली. "यापुढे माझ्यापासून काही दडवायचं नाही. बाबा सांगू नकोस म्हणाले, बुटके काका म्हणाले, अगदी देव आला आणि म्हणाला, तरी. वाईट असेल ते त्याच दिवशी मला कळलं पाहिजे. मागून कळलेलं मला सोसत नाही."

"नाही दडवणार."

"शब्द?"

"शब्द," आई म्हणाली. आजवर तिनं दिलेल्या शब्दांत हा एकच असा होता, की तो देताना तिला भीती वाटली.

त्यानंतर घर जरा सैल झालं. फार नाही. "आई, बाबांना विचारा" हे कमी झालं. एकदा सुनेनं बाबांचा चष्मा दुकानात नेऊन काचा बदलून आणल्या आणि न बोलता त्यांच्या उशाशी ठेवला. बाबांनी तो लावून सगळं वर्तमानपत्र वाचलं, जाहिरातींसकट. झाडाचा पुढचा भाग आता उघड तपकिरी झाला होता. मागची फांदी तेवढी हिरवी, भिंतीकडे तोंड करून. बाबा रोज पहाटे बोट खुपसून माती बघायचे, मग सुनेला सांगायचे, "आज नको," किंवा "आज घालतो." ती "बरं" म्हणायची.

तीन आठवडे गेले. एका गुरुवारी सकाळी निघताना सुनेचा डबा हातातून सुटला, झाकण घरंगळत बाबांच्या खुर्चीखाली गेलं, आणि ते काढायला वाकलेल्या बाबांची कंबर तिथेच धरली. "अहो बाबा, उठा की!" "उठतो कसला, मला आता इथेच जेवण आणून द्या." आणि सून हसली. मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई स्वयंपाकघरात हातातलं काम टाकून ते ऐकत उभी राहिली.

दुपारी बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. झोपले नव्हते.

"अगं."

"काय?"

"त्या फांदीचा रंग उतरलाय."

आई पलंगाच्या कडेला बसली.

"काल संध्याकाळी संशय आला होता. आज सकाळी बोटांनी पाहिलं. टोकाकडून चाललीये." ते अजून भिंतीकडेच बघत होते. "मी पाणी जास्त नाही घातलं. देवाशपथ, एक थेंब जास्त नाही."

"ठाऊक आहे मला."

"तिला सांगू नकोस." आता ते वळले. "रविवारपर्यंत तरी. बुटके येतील, त्यांनाच सांगू दे. आज किती दिवसांनी हसली पोर. दोन दिवस हसू दे. कुणाचं काय जाणार आहे त्यात?"

कुणाचंच काही जाणार नव्हतं. आईलाही ते कळत होतं. पोरीचे दोन दिवस सुखाचे गेले असते, आणि झाडाचं जे व्हायचं ते झालंच असतं. एरवी तिच्या तोंडून 'नाही सांगणार' केव्हाच निघून गेलं असतं. ते जिभेवर आलं होतंही. तिनं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीच म्हटलं नाही.

ती उठून अंगणात गेली. भिंत आणि ठोकळा यांच्या मधे अंग चोरून शिरली आणि डोळे मिटून मागची फांदी चिमटीत धरली. हलकेच दाबली. गारवा नव्हता. दाबलेलं परत उठलं नाही. दोन-चार पानं सुटून बोटांना चिकटली. तिनं ती झटकली नाही. फांदीवर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली, मुलाच्या कपाळावर ठेवला होता तसा.

आत येऊन तिनं हात धुतले, केस नीट केले, चपला पायात घातल्या.

"कुठे निघालीस उन्हाची?" बाबांनी खोलीतून विचारलं.

"चष्म्याच्या दुकानात."

आत पलंग करकरला, बाबा पुन्हा भिंतीकडे वळल्यासारखा. आईनं फाटकाची कडी काढली, ती वाजू नये म्हणून पदरात धरून मागून लावली, आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली.